सागरी सुरक्षेचा पाया घालणारे पोलीस अधिकारी : के. एफ. रुस्तमजी

दरवर्षी १ फेब्रुवारी रोजी भारतीय तटरक्षक दलाचा स्थापना दिन साजरा केला जातो. तस्करांच्या गलबतांचा पाठलाग करणारे, वादळात सापडलेल्या मच्छीमारांना सुखरूप किनाऱ्यावर आणणारे आणि समुद्रातील तेलविहिरींवर पहारा ठेवणारे हे दल आज देशाला परिचित आहे. या दलाची संकल्पना ज्या समितीने शासनापुढे मांडली, तिचे अध्यक्षपद मात्र नौदलाच्या अधिकाऱ्याकडे नव्हते. ते एका पोलीस अधिकाऱ्याकडे होते आणि हा अधिकारी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या विदर्भात लहानाचा मोठा झाला होता. खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी हे त्यांचे नाव. सीमा सुरक्षा दलाचे संस्थापक प्रमुख म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. देशाच्या सागरी कायदा अंमलबजावणी यंत्रणेच्या उभारणीतील त्यांचा वाटा मात्र तुलनेने कमी परिचित आहे.

कामठी ते पोलीस सेवा

रुस्तमजी यांचा जन्म २२ मे १९१६ रोजी नागपूरजवळील कामठी येथे एका पारशी कुटुंबात झाला. कन्हान नदीच्या काठी वसलेले कामठी हे लष्करी छावणीचे गाव. नागपूर त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. नागपुरात शिक्षण पूर्ण केल्यानंतर १९३८ मध्ये त्यांची तत्कालीन भारतीय पोलीस सेवेत निवड झाली आणि त्याच प्रांतात त्यांच्या कारकिर्दीला प्रारंभ झाला. ब्रिटिश राजवटीची अखेरची नऊ वर्षे आणि स्वातंत्र्यानंतरचा जडणघडणीचा काळ असे दोन्ही कालखंड त्यांनी वर्दीत असताना अनुभवले.

१९५२ मध्ये पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांचे मुख्य सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांची नियुक्ती झाली. गर्दीत मिसळण्याची पंडितजींना विलक्षण ओढ होती आणि सुरक्षेचे कडे त्यांना जाचक वाटे. अशा नेत्याचे रक्षण करणे सोपे नव्हते. मार्च १९५५ मध्ये नागपूर येथेच एका रिक्षाचालकाने चाकू घेऊन पंतप्रधानांच्या मोटारीवर चढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा या जबाबदारीचे गांभीर्य साऱ्या देशाला जाणवले. १९५८ पर्यंत रुस्तमजी या पदावर होते. त्या काळात ते नियमितपणे रोजनिशी लिहीत. त्यांच्या निधनानंतर या लिखाणावर आधारित पुस्तके प्रसिद्ध झाली आणि त्यांतून नेहरूंच्या दैनंदिन जीवनाचे जवळून घडलेले दर्शन वाचकांसमोर आले.

१९५८ मध्ये ते मध्य प्रदेशाचे पोलीस महानिरीक्षक झाले. चंबळच्या खोऱ्यात तेव्हा दरोडेखोरांच्या टोळ्यांची दहशत होती. गावकऱ्यांची नाके कापण्याच्या क्रौर्यामुळे कुप्रसिद्ध झालेला गब्बरसिंग हा याच काळातील. नोव्हेंबर १९५९ मध्ये पोलिसांबरोबर झालेल्या चकमकीत तो मारला गेला. चंबळच्या दऱ्याखोऱ्यांत पोलिसांना वारंवार एक अडचण येई. दरोडेखोर एका राज्यात गुन्हा करीत आणि दुसऱ्या राज्यात आश्रय घेत. अधिकारक्षेत्रांच्या सीमारेषेवर कायद्याची पकड सैल होते, हे त्या खोऱ्यात दररोज दिसत होते.

सीमा सुरक्षा दलाची उभारणी

स्वातंत्र्यानंतर सुमारे अठरा वर्षे पाकिस्तानलगतच्या सीमेची राखण प्रामुख्याने त्या त्या राज्यांचे सशस्त्र पोलीस करीत असत. प्रत्येक राज्याची शस्त्रे वेगळी, प्रशिक्षण वेगळे आणि आदेशाची साखळीही वेगळी. ९ एप्रिल १९६५ रोजी पाकिस्तानी सैन्याने कच्छच्या रणातील सरदार चौकीवर हल्ला केला आणि या व्यवस्थेच्या मर्यादा उघड झाल्या. चौकीवरील पोलीस जवानांनी शौर्याने प्रतिकार केला. तरीही लष्करी हल्ल्याला तोंड देण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकणे योग्य नाही आणि शांततेच्या काळात संपूर्ण सीमेवर लष्कर तैनात करणेही शक्य नाही, हे केंद्र शासनाच्या ध्यानात आले. यातूनच १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल स्थापन झाले आणि त्याची सूत्रे रुस्तमजी यांच्याकडे सोपविण्यात आली.

निरनिराळ्या राज्यांकडून आलेल्या सुमारे पंचवीस बटालियन एकत्र करून त्यांना एकाच दलाचे रूप देणे हे त्यांच्यापुढील पहिले काम होते. ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथे दलाची प्रशिक्षण अकादमी उभी राहिली. १९६८ मध्ये संसदेने सीमा सुरक्षा दल अधिनियम संमत केला आणि दलाला भक्कम कायदेशीर बैठक लाभली. पुढे दलाचा स्वतंत्र हवाई विभाग आणि तोफखानाही अस्तित्वात आला. पोलिसांची शिस्त आणि लष्कराची सज्जता यांचा मेळ घालणारी ही रचना त्या वेळी नवीन होती.

१९७१ मध्ये या दलाची मोठी कसोटी लागली. त्या वर्षी २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात दडपशाही सुरू केली. त्यानंतर काही दिवसांतच अवामी लीगचे नेते ताजुद्दीन अहमद सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये पोहोचले. सीमा सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना कोलकात्यात आणले. तेथे रुस्तमजी यांनी त्यांची भेट घेतली आणि पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी चर्चा करण्यासाठी त्यांना दिल्लीला नेण्याची व्यवस्था केली. १७ एप्रिल १९७१ रोजी बैद्यनाथतला येथे बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला. त्यामागेही सीमा सुरक्षा दलाचे साहाय्य होते. मुक्तिवाहिनीच्या पहिल्या तुकड्यांना प्रारंभीच्या काळात मदत याच दलाने केली. १९७२ मध्ये रुस्तमजी यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरविण्यात आले.

समुद्रावर कायदा कोणाचा?

भूसीमेवर एक सक्षम दल उभे राहिले, तरी सागरी सीमेची अवस्था वेगळी होती. त्या काळच्या मोजणीनुसार भारताला ७,५१६ किलोमीटर लांबीचा किनारा लाभला होता. साठच्या दशकात आणि सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात या किनाऱ्यावर चोरट्या मालाची आयात मोठ्या प्रमाणावर होत होती. आखाती देशांतून निघालेली गलबते सोने, घड्याळे, कापड आणि चैनीच्या वस्तू घेऊन गुजरात, दमण आणि कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येत. काळोख्या रात्री माल छोट्या होड्यांमध्ये उतरविला जाई आणि पहाटेपूर्वी तो शहरांकडे रवाना होई. देशाची अर्थव्यवस्था परकीय चलनाच्या टंचाईने ग्रासलेली असताना समांतर अर्थव्यवस्था फोफावत होती. १९७४ मध्ये मुंबईतील बड्या तस्करांची धरपकड करण्यात आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस परकीय चलन संवर्धन व तस्करी प्रतिबंधासाठी कठोर कायदा करण्यात आला. तथापि, किनाऱ्यावर माणसे पकडल्याने समुद्रातील वाहतूक थांबत नव्हती.

सीमाशुल्क विभागाला झडती आणि जप्तीचा अधिकार होता, पण खोल समुद्रात पाठलाग करण्याजोग्या वेगवान नौका त्याच्याकडे नव्हत्या. काही वेळा जप्त केलेली गलबतेच गस्तीसाठी वापरावी लागत. राज्यांच्या पोलिसांचे काम किनाऱ्याशी येऊन थांबे. नौदलाकडे जहाजे होती, परंतु ती युद्धासाठी बांधलेली आणि चालविण्यास खर्चीक होती. गलबते तपासण्याच्या कामात ती गुंतविल्यास नौदलाच्या युद्धसरावावर परिणाम होणार होता. शिवाय परदेशी मासेमारी नौका युद्धनौकेने अडविली, तर साध्या कायदेभंगाच्या प्रकरणाला दोन देशांमधील तंट्याचे स्वरूप येण्याचा धोका होता. नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एन. कोहली यांनी १९७३ मध्येच संरक्षण मंत्रालयाकडे या कामासाठी वेगळ्या यंत्रणेची निकड मांडली होती.

त्यातच दोन नव्या घडामोडींची भर पडली. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या जहाजाने केलेल्या खोदकामात मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रात खनिज तेल सापडले. बॉम्बे हाय या नावाने ओळखल्या गेलेल्या या क्षेत्रातील मोलाची सामग्री उघड्या समुद्रात असणार होती. दुसरीकडे, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवर त्या देशाचा हक्क असावा, असा विचार आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याच्या परिषदेत बळ धरू लागला होता. हा हक्क मिळाल्यास सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरचे जलक्षेत्र भारताच्या देखरेखीखाली येणार होते. हक्क कागदावर मिळाला, तरी तो राखणार कोण, हा प्रश्न शिल्लक होता.

रुस्तमजी समिती

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर १९७४ मध्ये केंद्र शासनाने एक समिती नेमली. सीमा सुरक्षा दलाची धुरा खाली ठेवून गृह मंत्रालयात विशेष सचिव झालेले रुस्तमजी तिचे अध्यक्ष होते. नौदल, हवाई दल आणि महसूल विभाग यांचे प्रतिनिधी समितीत होते. एकीकडे नौदल आणि दुसरीकडे केंद्र व राज्यांची पोलीस दले यांच्या कामांमध्ये जी पोकळी राहिली होती, तिचा अभ्यास करून उपाय सुचविणे हे समितीचे काम होते.

समितीने ३१ जुलै १९७५ रोजी आपल्या शिफारशी सादर केल्या. तटरक्षक दल या नावाची स्वतंत्र सशस्त्र यंत्रणा उभारावी आणि ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असावी, ही त्यातील मुख्य शिफारस होती. शांततेच्या काळात समुद्रावर देशाचे कायदे अमलात आणणे हे या दलाचे काम राहणार होते.

या शिफारशीचे वेगळेपण ती कोणाकडून आली हे पाहिल्यास लक्षात येते. रुस्तमजी हे पोलीस अधिकारी होते आणि त्या वेळी गृह मंत्रालयातच कार्यरत होते. गृह मंत्रालयाच्या अधिपत्याखाली त्यांनी स्वतः देशातील एक मोठे दल शून्यातून उभे केले होते. समुद्रावरील दलही त्याच मंत्रालयाकडे यावे, असे त्यांनी सुचविले असते तर ते अस्वाभाविक ठरले नसते. परंतु सागरी दलाची गरज वेगळी होती. जहाजबांधणी, दुरुस्तीच्या गोद्या, नौकानयनाचे प्रशिक्षण, दूरवरच्या समुद्रावरील हवाई टेहळणी हे सारे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत उपलब्ध होते. त्याचीच दुसरी आवृत्ती अन्य मंत्रालयात उभी करण्यास प्रचंड खर्च आणि अनेक वर्षे लागली असती. युद्धप्रसंगी या दलाला नौदलाच्या खांद्याला खांदा लावूनच काम करावे लागणार, हेही उघड होते.

अहवाल सादर झाल्यानंतर शासकीय पातळीवर मतभेद निर्माण झाले. मंत्रिमंडळ सचिवांनी हे दल गृह मंत्रालयाकडे सोपविण्याची शिफारस केली. गृह मंत्रालयातील अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समिती दल संरक्षण मंत्रालयाकडे द्या म्हणत होती, तर प्रशासनातील सर्वोच्च अधिकारी ते गृह मंत्रालयाला देऊ पाहत होते. अखेर पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी रुस्तमजी समितीची मूळ शिफारस मान्य केली.

सात नौकांपासून प्रारंभ

१९७६ मध्ये संसदेने सागरी क्षेत्रांविषयीचा कायदा संमत केला. त्यानुसार १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक जलक्षेत्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र निश्चित झाले. जानेवारी १९७७ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्राची तरतूद अमलात आली आणि त्यापाठोपाठ १ फेब्रुवारी १९७७ रोजी हंगामी स्वरूपात तटरक्षक दल अस्तित्वात आले. नौदलाने आपल्याकडील कृपाण आणि कुठार या दोन जुन्या फ्रिगेट तसेच पाच छोट्या गस्ती नौका दलाला दिल्या. या पाच नौकांमध्ये पनवेल आणि पणजी ही दोन नावे कोकण व गोव्याच्या किनाऱ्याशी नाते सांगणारी होती. पंबन, पुरी आणि पुलिकत ही उरलेली तीन नावे पूर्व किनाऱ्याकडची होती. व्हाइस ॲडमिरल व्ही. ए. कामत हे दलाचे पहिले महासंचालक झाले.

ऑगस्ट १९७८ मध्ये तटरक्षक दल अधिनियम अमलात आला आणि १९ ऑगस्ट १९७८ रोजी तत्कालीन पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते दलाचे रीतसर उद्घाटन झाले. समुद्रातील कृत्रिम बेटे व तेलफलाटांचे संरक्षण, संकटग्रस्त मच्छीमारांना साहाय्य, सागरी प्रदूषणाला प्रतिबंध, तस्करीविरोधी कामात सीमाशुल्क विभागाला मदत, सागरी क्षेत्रातील कायद्यांची अंमलबजावणी आणि समुद्रावरील जीवित व मालमत्तेचे रक्षण ही कर्तव्ये या कायद्याने दलाला नेमून दिली. १९८१ मध्ये परदेशी नौकांच्या मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला आणि घुसखोर ट्रॉलर ताब्यात घेण्यास आवश्यक असलेला आधार मिळाला.

तुरुंगांतील विस्मृत माणसे

रुस्तमजी १९७६ मध्ये शासकीय सेवेतून निवृत्त झाले. मात्र त्यांच्या आयुष्यातील आणखी एक महत्त्वाचे कार्य अद्याप व्हायचे होते. नोव्हेंबर १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमण्यात आला. रुस्तमजी त्याचे सदस्य होते. आयोगाच्या कामानिमित्त बिहारमधील तुरुंगांना भेटी देताना त्यांना कच्च्या कैद्यांची भीषण अवस्था दिसली. किरकोळ आरोपांखाली पकडलेली अनेक माणसे खटला उभा न राहताच वर्षानुवर्षे कोठडीत होती. सिद्ध झाल्यास जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ त्यांतील कित्येकांनी तुरुंगात काढला होता. त्यांत स्त्रिया आणि अल्पवयीन मुलेही होती.

या निरीक्षणांवर आधारित रुस्तमजी यांचे लेख जानेवारी १९७९ मध्ये इंडियन एक्स्प्रेस या दैनिकात प्रसिद्ध झाले. ज्येष्ठ वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी त्याच लेखांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. हुसैनारा खातून खटला या नावाने ती ओळखली जाते. खटला त्वरेने चालणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने या खटल्यात स्पष्ट केले. या निकालांमुळे हजारो कच्च्या कैद्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला आणि देशात जनहित याचिकेची परंपरा रुजली. जवळपास चाळीस वर्षे अटकेचा अधिकार असलेल्या सेवेत घालविलेल्या अधिकाऱ्याने अटक झालेल्या माणसाच्या बाजूने लेखणी उचलली, हे विशेष होय.

पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल सादर केले. त्यांतील बहुतांश शिफारशी दीर्घकाळ धूळ खात पडल्या. पोलीस सुधारणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ठोस निर्देश दिले ते २००६ मध्ये. १९९१ मध्ये रुस्तमजी यांना पद्मविभूषण हा सन्मान प्रदान करण्यात आला. मार्च २००३ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा आणि उरलेले प्रश्न

नोव्हेंबर १९९९ मध्ये समुद्री चाच्यांनी पळविलेले अलोंड्रा रेनबो हे जपानी मालकीचे जहाज तटरक्षक दलाची ताराबाई ही नौका आणि नौदलाची प्रहार ही नौका यांनी अरबी समुद्रात पाठलाग करून ताब्यात घेतले. आरोपींना मुंबईत आणून खटला चालविण्यात आला. २००३ मध्ये त्यांना शिक्षा झाली, परंतु पुढे उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदा त्या वेळी भारतात नव्हता. असा कायदा २०२२ मध्ये संसदेने संमत केला. नौका आणि माणसे असली, तरी हाताशी कायदा नसेल तर कारवाई अपुरी राहते, याचा प्रत्यय या प्रकरणाने दिला.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत शिरले, तेव्हा १९७४ चा प्रश्न नव्या स्वरूपात पुन्हा उभा राहिला. खोल समुद्र, किनाऱ्यालगतचे पाणी आणि प्रत्यक्ष किनारा यांची जबाबदारी वेगवेगळ्या यंत्रणांकडे होती आणि त्यांच्यातील फटीतून हल्लेखोर आत आले. त्यानंतर २००९ मध्ये शासनाने जबाबदाऱ्यांची फेररचना केली. एकूण सागरी सुरक्षेचे दायित्व नौदलाकडे देण्यात आले, तर प्रादेशिक जलक्षेत्रातील किनारी सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलावर सोपविण्यात आली. राज्यांच्या सागरी पोलिसांची गस्तही त्याच समन्वयात आणण्यात आली.

सात नौकांनी सुरू झालेल्या तटरक्षक दलाकडे आज दीडशेच्या आसपास नौका आणि सत्तरहून अधिक विमाने व हेलिकॉप्टर आहेत. नवी दिल्ली येथे मुख्यालय असलेल्या या दलाची प्रादेशिक कार्यालये पश्चिम व पूर्व किनाऱ्यांवर तसेच अंदमान-निकोबारमध्ये कार्यरत आहेत. संकटात सापडलेल्या मच्छीमारांसाठी १५५४ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. स्थापनेपासून दलाने अकरा हजारांहून अधिक लोकांचे प्राण वाचविले आहेत आणि हे दल आजही संरक्षण मंत्रालयाच्याच अखत्यारीत काम करीत आहे. कामठीच्या या पोलीस अधिकाऱ्याने स्वतःच्या खात्याचा विस्तार बाजूला ठेवून केलेली शिफारस अर्धशतकानंतरही कायम आहे.